जोडीचा नियम

वाडी, नागपूर
१५ ऑक्टोबर २०२४, दुपार

प्रिय दीप्ती,
सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज येऊन बारा दिवस झाले. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. बोलायला लागले की मी हसून विषय बदलते, म्हणून हा कागद. हाही चौथा. पहिल्या तिन्हींत तुला धीर धरायला सांगितलं होतं. वाचून माझी मलाच चीड आली.

इकडे सगळे मजेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे कालपर्यंत होते. दोन खोल्या, चौदा माणसं, एक संडास. आता फक्त माया आत्या राहिली आहे. समोरच्या गोदामात ट्रक मागे घेताना इतका कल्ला होतो की उठून खिडकी लावते, मग उकडतं म्हणून पुन्हा उघडते. बाबांनी दोनदा विचारलं, “कोणाले एवढं लिहून राहिली वं?” ऑफिसचं आहे म्हटलं. लकडगंजला तुझ्या घरी जाऊन यायचं होतं, तेही टाळलं. तुझ्या आईसमोर बसायची हिंमत नव्हती.

असो. किती वेळ असो असो करणार!

तू लिहिलंस, अंटार्क्टिका मोहिमेच्या यादीत तुझं नाव आहे, पण फक्त तिथल्या संशोधन स्टेशनवर. आत बर्फावर जाऊन नमुने काढणाऱ्या छावणीतून ते काढलं. कारण दिलं, ‘महिला सदस्याबाबतचा मागील अनुभव’. आणि तू विचारलंस, “ताई, गेल्या वर्षी तुम्हाला थंडी बाधली, यात माझा काय दोष?”

तुझा काही दोष नाही. मला थंडी बाधलीच नव्हती.

छावणीत जोडीचा नियम असतो, तुला प्रशिक्षणात सांगितला असेल. तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही. दोघांची नावं दाराशी पाटीवर लिहायची, कमरेला दोर बांधायचा, मग निघायचं. नियम चांगलाच आहे, वारा सुटला की स्वतःचा हात दिसत नाही. पण संडासाचा तंबू तीस पावलांवर होता आणि छावणीत आठ पुरुष नि मी. ते रात्री बाटलीत काम उरकायचे. मला दरवेळी कुणाला तरी उठवावं लागे. त्याने कपड्यांचे चार थर चढवायचे, बूट घालायचे, बाहेर पाठ करून उभं राहायचं. माझा सहकारी रोहित पहिले दोन दिवस काही न बोलता आला. तिसऱ्या दिवशी जेवताना आमचे प्रमुख सुमंत सर पाटीकडे बघून म्हणाले, “बोला, आज मॅडमची ड्यूटी कोणाची?”

सगळे हसले. मीही हसले, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचा चहा अर्धा केला. मग दुपारनंतर पाणी बंद. मग सकाळीही दोन घोट. बर्फात छिद्र पाडायचं यंत्र आठ आठ तास चालवायचे आणि ओठ चाटायचे. चहूकडे पाणीच पाणी होतं गं, गोठलेलं. अकराव्या दिवशी ताप आला, कंबर मोडल्यासारखी दुखायला लागली, लघवीतून रक्त गेलं. हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. दोन दिवस काम बंद पडलं. स्टेशनवरच्या डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहिलं, पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग. सरांच्या अहवालात मात्र आलं, ‘महिला सदस्याची प्रकृती तेथील हवामानात टिकली नाही’. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि मी सही केली. पुढच्या वर्षीची नावं तेच सुचवणार होते. आणि खरं सांगू? सरकारी कागदावर ‘लघवी’ हा शब्द लिहायची मला लाज वाटली. पीएचडी झालेल्या बाईला!

घरात पाहुणे असले की मी अजूनही पाणी टाळते, त्यावरून हे सगळं काल आत्याने बाहेर काढलं. जेवताना म्हणाली, “काहून वं जया, पाणी काहून नाही पिऊन राहिली? गिलास तसाच हाये.”

“तहान नाही आत्या.”

“माह्यापाशी लबाड नको बोलू. आमी कापूस वेचाले जाओ, आडोसा कुठंच नाही, संगं माणसं. सकाळी निघालो की संध्याकाळलोक घोटभर पाणी नाही. मले वाटलं, तू एवढी शिकली, इमानात बसून गेली, त तुले असं नसंल करा लागत.”

मी तिला सगळं सांगितलं. तिने ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि इतकंच विचारलं, “मंग आता जे पोरगी जाऊन राहिली, तिले सांगतलं काय?”

नाही सांगितलं. आणि आत्यालाही जे सांगितलं नाही, ते आता लिहिते.

ऑगस्टमध्ये निवड समितीतून मला फोन आला होता. दीप्ती छावणीत टिकेल का, असं विचारलं. मी म्हटलं, “हुशार आहे, पण स्टेशनवरच बरी.” तुझं नाव सरांनी काढलं नाही, मी काढलं. तुला सांभाळून घेतेय अशी स्वतःची समजूत घातली. ते खोटं होतं. तू तिथे जाऊन धडधाकट परत आलीस, तर सगळे म्हणतील जयाच कच्ची होती, याची मला भीती वाटली. तुझ्या वडिलांना तुझ्या प्रशिक्षणासाठी मीच राजी केलं होतं, आणि मीच असं केलं. मला फार शरम वाटते.

आज सकाळी समितीला पत्र पाठवलं. माझी ती सही कशी झाली ते लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला. फोनवर मी जे बोलले ते मागे घेतलं, कारणासकट. झोपायच्या तंबूला लागून संडास हवा आणि प्रत्येक छावणीत किमान दोन बायका हव्यात, हेही मागितलं. प्रत सोबत आहे. सुमंत सरांनाही पाठवली. माझं नाव यापुढे यादीत येणार नाही बहुतेक. येऊ दे नाहीतर राहू दे.

सोमवारी शेवटची बैठक आहे. मी तिथे येते आहे. समोरासमोर विचारलं तर सगळे शब्द उच्चारीन. तू माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस, पण छावणीवरचा तुझा हक्क सोडू नकोस. माझ्यावर रागावली असशील तर तो राग तिथे घेऊन ये, सर्वांसमोर काढ, मी ऐकून घेईन.

यापुढे मला ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

जया