शिवेचा दगड

२ फेब्रुवारी, सोमवार

परवाच्या नोंदीतली एक चूक आधी दुरुस्त करते. शिवेचा दगड नूरमोहम्मदभाईंच्या गॅरेजच्या पलीकडे आहे, असं मी लिहिलं होतं. आज पाहिलं, तो अलीकडे आहे. म्हणजे गॅरेज गावाच्या हद्दीबाहेर. मीच नीट पाहिलं नसणार. शाळेआधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं, तेव्हा बजावलं होतं, की चुकलं तर खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची.

बाकी सगळं छान. भोसरीची भाड्याची खोली सोडून आम्ही नवऱ्याच्या, बुद्धभूषणच्या गावी आलो, घर लागलं, आणि गेल्या आठवड्यापासून मी इथली पोलीस पाटील. नव्या पाटलाने शिवेच्या दगडाला चुना लावायची इथे रीत आहे. मी हातानेच लावला. बुद्धभूषण चाकणहून शिफ्ट संपवून पेढे घेऊन आला. म्हणाला, आता तुझ्याशी भांडायचीही सोय राहिली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्याआधी मारुतराव पोलीस पाटील होते, तीसेक वर्षं. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कारकिर्दीत गावाच्या हद्दीत एकही बेवारस प्रेत सापडलं नाही म्हणे. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई अजून रोज सकाळी त्यांची लाकडी खुर्ची ओट्यावर मांडतात. भांडण झालं की लोक त्या रिकाम्या खुर्चीपुढे उभे राहतात आणि समजूत पटल्यासारखे घरी जातात. माझ्याच दारावरून जातात. मी चहाचं आधण ठेवून बसते.

मला त्या खुर्चीचा हेवा वाटतो. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

नूरमोहम्मदभाईंच्या पत्नी जमिलाभाभी आल्या होत्या. नूरमोहम्मदभाई गॅरेजमधून घरी परतलेच नाहीत. शिवेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही पोलीस ठाण्यांत आमची हद्द नाही असं सांगितलं. खुर्चीकडेही जाऊन आल्या होत्या. तिथे सुभद्राबाईंनी खुर्चीचं म्हणणं सांगितलं, "त्यो शिवंबाहेर हाय. आपला न्हाई."

शेजारच्या धोंडीबांना विचारलं. हसून म्हणाले, मारुतरावांची तीच तर हुशारी. रस्त्याकडेला कोणी मेलेलं सापडलं की ते प्रेताला हात लावत नसत, दगड सरकवत.

"मढं कोण उचलणार, बाई? त्यापरीस दगड हलका."

मला नूरमोहम्मदभाईंची काळजी वाटायला हवी होती. वाटत राहिलं ते एवढंच, की जमिलाभाभी आधी तिकडे गेल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गावात चौकशी केली. लोक विचारतात, कोण नूरमोहम्मद? सगळ्यांच्या गाड्या त्यांनीच दुरुस्त केल्यात.

दगड आता जमिलाभाभींच्या घराच्या अलीकडे आहे. या वेळी चूक नाही. चुन्यात माझ्याच बोटांचे ठसे आहेत.

खुर्ची जवळून पाहिली. चारही पायांना ओला चुना.

१७ फेब्रुवारी

जमिलाभाभींचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. शेजारीण म्हणाली, इथं कधी कोण राहतच नव्हतं.

खुर्चीपुढे आज रांग. माझ्याकडे एकही —

२० फेब्रुवारी

दगड आमच्या अंगणात. घर पलीकडे.

बुद्धभूषणची गाडी दारावरून पुढे गेली. हाक मारली. त्याने वळून पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं. मग खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. तोसुद्धा.

२१ फेब्रुवारी

सुभद्राबाई दगडापर्यंत आल्या. पुढे नाही.

"धनी म्हणत्यात, एवढा हेवा बरा न्हाई, पोरी. बसून बघ."

जो बसतो तो शीव ठरवतो. मी बसले तर नूरमोहम्मदभाई, जमिलाभाभी, सगळ्यांना आत — नाही. खाली दुरुस्ती: आधी लोक माझ्यापुढे उभे राहायला हवेत. बुद्धभूषण सर्वांत पुढे. मग बाकीचे. मग बघू.

उद्या सकाळी त्या खुर्ची मांडतील तेव्हा मी तिच्यावर —