पाचव्या उद्गाराची दोन पाने

आई, काल संध्याकाळी आपल्या चर्चच्या मंडळीतली एक तरुण नर्स उपासनेत वाचायचे तिचे मनन तपासून घ्यायला आली आणि माझी लाल पेन्सिल पहिल्याच पानावर थांबली, म्हणून हे लिहीत आहे. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण वाटून घेतात, ती पद्धत अजून तशीच आहे. बोलणाऱ्याने आपला कागद आधी मला दाखवायचा, हीही. "बाई, पेन्सिल जरा हळू चालवा," ती हसत म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही पाळकसाहेबांचासुद्धा अर्धा कागद लाल केला होता." तिच्या वाट्याला पाचवा उद्गार आला आहे, 'मला तहान लागली आहे' हा. तिच्या कागदावर वॉर्डातली एक म्हातारी होती, पाणी मागणारी, आणि ही तिच्यावर ओरडली होती. मी म्हटले, उद्या ये.

तुझ्याही वाट्याला पाचवाच आला होता. मी नुकतीच बी.ए. होऊन शाळेत शिकवायला लागले होते. तू दवाखान्यात आया होतीस. शेगडीवर भात रटरटतो आहे, तू पाटावर बसली आहेस, आणि चौकटीच्या वहीची दोन पाने माझ्यापुढे धरते आहेस. चौथी शिकलेल्या हाताचे मोठे, जपून काढलेले अक्षर. "तू तर देवदूताच्या गाण्यातही चुका काढशील," तू म्हणतेस, "पण आधी गोष्ट वाच वं."

गोष्ट एका गाडीवानाची होती. यवतमाळकडचा, पोटाचे ऑपरेशन झालेला. पाणी द्यायचे नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता, पण ओल्या कापसाने ओठ पुसायला हरकत नव्हती. तो "बाई, घोटभर" म्हणत राहिला. तुझ्याकडे बारा खाटा होत्या. "गप राय गा जराकसा," असे म्हणून तू पुढच्या खाटेकडे गेलीस. जेवणाची ताटे आवरून परत आलीस तेव्हा तो गेला होता. तो पाण्यावाचून मेला असे तू कुठेही लिहिले नव्हतेस. शेवटी एवढेच होते: शिपायानं तरी आंबेचा स्पंज लावला प्रभूच्या तोंडाले, म्या कापूस नाही लावला.

"हे मनन आहे की कबुलीजबाब?" मी विचारले. "देवळात उपासनेला डॉक्टर असतात, प्रोफेसर असतात. शोभतं का हे?"

"मले त्या उद्गारावर दुसरं काही येतच नाही," तू म्हणालीस. "मी काहून हे कोणाले सांगू नाही?"

मी लाल पेन्सिलीने रेघा मारल्या. खरे कारण शोभण्याचे नव्हते. ते वाचले असतेस तर देवळाला पुन्हा आठवले असते की मास्तरीणबाईची आई खाटांखालची भांडी उचलते. मी आत्म्याच्या तहानेवर चार परिच्छेद लिहून तुझ्या हाती दिले.

शुक्रवारी तू ओळीखाली बोट धरून ते वाचलेस. दुसऱ्या परिच्छेदानंतर थांबलीस आणि कागदावरून मान वर केलीस. मी तिसऱ्या बाकावर होते. तू गाडीवानाचे बोलणार होतीस, हे मला स्पष्ट दिसले. मी नुसते बोटाने कागदाकडे दाखवले. तू मान खाली घालून पुढचे वाचलेस. बाहेर सगळे म्हणाले, लेकीने छान लिहून दिले हो. पुन्हा तू कधी उद्गार घेतला नाहीस. त्यानंतर दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या त्या उपासकाळात, प्रत्येक शुक्रवारी, नागपूरच्या त्या उन्हात तू दुपारी तीनपर्यंत पाण्याला शिवायची नाहीस. मी रागवायचे, की असले उपास आपल्या मंडळीत नाहीत. एकदाच म्हणालीस, "तुझ्या कागदात नाही बसलं बाई, तं पोटात ठेवलं." मी ऐकले आणि वह्या तपासत राहिले.

तू गेल्यावर ती दोन पाने तुझ्या गीतांच्या पुस्तकात सापडली. उघडली, आणि होती तशी मिटून ठेवली. त्याला नऊ वर्षे झाली. या वर्षांत पाचव्या उद्गारावरचे कितीतरी कागद माझ्या हातून गेले, आणि प्रत्येकात मी तहानेला तिसऱ्या ओळीच्या आत आत्म्याची तहान करून टाकले. काल रात्री शुभवर्तमानातला तो अध्याय मी पुन्हा वाचला. तिथे आत्म्याबद्दल काही नाही. एका मरणाऱ्या माणसाचे तोंड कोरडे पडले आहे आणि तो चारचौघांत तसे म्हणतो. लाज त्याला वाटत नाही. शिपायांना आंबेत, त्या आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज त्याच्या ओठांना लावणे तरी सुचले. माझ्यासमोर तू उभी होतीस, आणि मी बोट दाखवले.

आज चार वाजता ती आली. तिला दिले ते असे: तिचे तीन कागद, एकही रेघ न मारता, आणि तुझी दोन पाने, घडीवर विरलेली, माझ्या लाल रेघांसकट. तिने ती उभ्यानेच वाचली. "कोणी खोडलं हो बाई हे?" तिने विचारले. तेव्हा मंडळीत एक तपासणारी बाई होती, असे मी सांगितले.