संध्याची फुंक

२९ जानेवारी २०१८, सोमवार

आजपासून रोज लिहीन. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणत, लिहिलं नाई तं अक्षर पळून जाते. संध्याची अर्धी कोरी वही सापडली, वाया कावून घालवाची?

आनंदाची गोष्ट. माह्या नातीनं, संध्यानं, पोलीस भरतीचा फॉर्म भरला. आमच्या घरात दर महिन्याले पगार येईन! पिंटू, माहा पोरगा, संध्याचा बाप, बोंडअळीनं कापूस खाल्ला तवापासून बोलतच नाई. उपटलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे पाहत बसते. मी म्हटलं, तिकडे नको पाहू, पोरीकडे पाह्य. त्यानं पाहिलं आणि विचारलं, पोट कसं हाय तिचं? हे काय विचारणं झालं काय?

पोटाचं थोडं हाय. दुखते, फुगते, संडासले पळा लागते. दोनदा धावण्याचा सराव अर्धा सोडून आली. अमरावतीचे डॉक्टर म्हणतात आयबीएस, म्हणजे आतड्याचा चिडका आजार, असू शकते, पण तसा शिक्का माराच्या आधी फुंक तपासू. आपण नळीत फुंकाचं, मशीन सांगते पोटात काय आंबून राहिलं. मले लई हसू आलं. आमच्याकडे भगत फुंक मारते, इथं पेशंटच मारते!

मशीन नागपूरहून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते. भरतीचं धावणं १९ मार्चले. म्हणजे दोन मंगळवार. भरपूर झाले.

शालू, माही लेक, अकोल्याले नर्स हाय. फोनवर म्हणे, आई, पहिले तिचं दूध बंद करून पाह्य. नाईतं इकडे पाठव, इथं बी ते मशीन येते. नर्स झाली म्हणून काहीही बोलते. संध्याची माय रुख्मिणी तापात गेली तवा पोरगी तीन वर्षांची होती. जाता जाता माहा हात धरून म्हणे, माय, पोरीले दूध कमी पडू देऊ नका. सोळा वर्षं झाली. सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक. एक दिवस खंड नाई.

५ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरचा कागद भिंतीले चिकटवला. आज दिवसभर नुसता पांढरा भात. वरण नाई, पोळी नाई, भाजी नाई, दूध नाई. रात्री आठनंतर फक्त पाणी. ठरवलं, डॉक्टर म्हणतात तसंच. काना-मात्रा बदलणार नाई.

संध्याकाळी सात. पोरीच्या घशाखाली कोरडा भात उतरेना. थोडं तुरीचं वरण कालवलं. वरण काय जेवण हाय? वरण म्हणजे भात ओला कराचं पाणी. ती म्हणे, आजी, नको ना वं. मी म्हटलं, नागपूरच्या मशीनले आपल्या चांदूर रेल्वे गावचं वरण काय दिसते?

दूध मात्र अर्धाच गिलास. शब्द म्हणजे शब्द.

६ फेब्रुवारी, मंगळवार

टेस्ट झाली नाई. पहिल्याच फुंकीत आकडा वर गेला. मशीनवाली म्हणे, काल काय खाल्लं? संध्या खाली मान घालून म्हणे, भात. ती म्हणे, नुसत्या भातानं असं होत नाई, पुढच्या महिन्यात या.

मशीन जुनं वाटलं मले. वायर बी चिकटवलेला होता.

यष्टीत मी म्हटलं, राणी, अजून एक मंगळवार हाय. खिडकीकडे तोंड करून म्हणे, हो, एकच हाय.

१७ फेब्रुवारी

चाऱ्याचं कुटार संपत आलं. चंद्री म्हशीनं दूध कमी केलं. तिची वगार, म्हणजे पारडी, दावणीले लुचाले जाते, मी ओढून बांधतो. पहिले संध्याचा गिलास, मंग उरलं तं वगारीले. मी तं चहा बी कोराच पेतो आता. नातीसाठी एवढं कोण करते? मलेच माहं कौतुक वाटलं.

संध्या आज म्हणे, आजी, पोट फुगलं. मी म्हटलं, रिकामं हाय म्हणून फुगते. रुख्मिणीचं नाव घेतलं आणि गिलास पुढं केला. पेली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. गरम असन.

५ मार्च, सोमवार

आज पक्कं. पिंटू चुलीजवळच येऊन बसला. म्हणे, माय, आज तिले काही देऊ नको, हात जोडतो. किती महिन्यांनी एवढं बोलला! मले लई बरं वाटलं.

दिवसभर भात. दूध नाई. सोळा वर्षांत पहिल्यांदा गिलास पालथा.

६ मार्च, मंगळवार

टेस्ट पूर्ण झाली! मले माहीतच होतं.

सकाळी पिंटू ऑटो पाहाले गेला. संध्या उंबऱ्यावर आली. परीक्षेले, भरतीले, कोर्टात तारखेले, आमच्या घरातून आजवर कोणी कोरड्या तोंडानं गेलं नाई. तळहातावर दही-साखर ठेवली. कागद दोनदा अक्षर लावून वाचला होता, दही कुठंच लिहिलं नाई. उपाशी म्हणजे जेवाचं नाई. दही-साखर जेवण नाई, आशीर्वाद हाय. एक चमचा माहा, एक तिच्या मायच्या नावाचा. पोरीनं माह्याकडे लई वेळ पाहिलं, मंग चाटलं.

दवाखान्यात गोड पाणी पाजलं. दर पंधरा मिनिटानं फुंक. झोपाचं नाई, फिराचं नाई. मी गोष्टी सांगून राहिली होती, मशीनवालीनं दोनदा गप्प केलं.

डॉक्टर कागद पाहून म्हणे, सुरुवातीपासूनच आकडे वरखाली, काही समजत नाई. सकाळी पोटात काही गेलं काय? संध्या म्हणे, नाई. माह्याकडे पाहिलं बी नाई. डॉक्टरनं तात्पुरत्या म्हणून आयबीएसच्या गोळ्या लिहून देल्या.

चला, आजाराले नाव तं भेटलं.

१९ मार्च, सोमवार, पहाटे ४

आज धावणं. रिकाम्या पोटी धावली तं चक्कर येईन. मोठा गिलास देला, साय घालून. एका दमात पेली. शहाणी झाली पोरगी.

आज आमच्या घरात पोलीस येईन.

तोच दिवस, सायंकाळ

मी जाळीजवळ उभी होती. पहिल्या फेरीत संध्या सगळ्यात पुढं. मी बाजूच्या बाईले सांगितलं, ते माही नात. दुसऱ्या फेरीत पोटावर हात गेला. मंग मैदान सोडून मंडपामागं पळाली. तिथं संडासपुढं पोरींची रांग होती.

बाहेर आली तवा कोणाची तरी ओढणी कमरेले गुंडाळलेली. नाव कटलं म्हणे.

ऊन लई होतं आज. उन्हानंच झालं.

२७ मार्च, मंगळवार

शालू अकोल्याहून आली, संध्याले घेऊन गेली. घोटभर पाणी बी नाई पेली माह्या घरचं. मी दही-साखरेची वाटी घेऊन उंबऱ्यावर उभी. शालूनं माहं मनगट धरलं, वाटी हातातून काढून खाली ठेवली. म्हणे, आई, आता पुरे कर.

लेकीनं मायचं मनगट धराचं? कलियुग हाय.

११ एप्रिल, बुधवार

शालूचा फोन आला. अकोल्यात टेस्ट झाली. आदल्या दिवशी भात, सकाळी उपाशी, दुधातली साखर पाण्यात घालून पाजली. दोन घंट्यात आकडा चढत गेला. आयबीएस नाई. दूध पचत नाई, एवढंच. पंधरा दिवस झाले बंद केलं, पोट एकदा बी दुखलं नाई.

मी विचारलं, कधीपासून पचत नसन? शालू म्हणे, असन लहानपणापासून, आई.

संध्याले फोन दे म्हटलं. विचारलं, राणी, तुले समजत होतं काय?

म्हणे, थोडं थोडं.

मंग पेत कावून होती वं?

म्हणे, तू आईचं नाव घेऊन देत होती ना, आजी.

भरती परत कधी निघते, कोणालेच माहीत नाई.

संध्याकाळी धार काढली. हातानं आपोआप गिलास भरला. पिंटूपुढं धरला, त्यानं तोंड फिरवलं. गोठ्यात जाऊन वगारीच्या घमेल्यात ओतला. घमेलं चाटून पुसून पेली ते.

तिचंच होतं.