आतून उघडणारी चेन

दादा,

संप केलास म्हणून तुला आत टाकलं, तेव्हापासून कारखाना जोरात आहे. लढाई कुणीही जिंको, मालकाचं चांगभलं. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी त्यालाच ऑर्डर दिलीय. डोंगर चढणाऱ्यांच्या झोपायच्या पिशव्या बंद. त्याच मशीनवर आता प्रेतांच्या पिशव्या शिवतो.

पहिल्याच पिशवीला मी सवयीने दुतोंडी रनर लावला, आतूनही चेन उघडेल असा. सुपरवायझर म्हणाला, "बाई, आतून कोण उघडणार आहे?" म्हटलं, "तेही खरंच." उसवून दिली.

काल लहान मापाची ऑर्डर आली. माप होतं तीन फूट. संध्याकाळी तपासणी झाली, तर झाडून सगळ्या बायकांनी दुतोंडी रनर लावलेले. सुपरवायझरने एकेकीला विचारलं. जी ती म्हणाली, "हाताला सवय हो, साहेब."

उद्या सगळा माल उसवायचा हुकूम आहे. उसवेल असं कुणी दिसत नाही.

तुला आलेली पत्रं तुरुंगातले साहेब आधी वाचतात, म्हणून हे माझ्यापाशीच ठेवते. पुढच्या भेटीला मी आले नाही, तर बायकांच्या बराकीत चौकशी करायचं तुझं तुला सुचो.

तुझी,
धाकटी