तुमच्या कोटाची खुशाली

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा घाईघाईतला, पण मनापासून वाकून केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? रंगारी घरातून गेले की अजून एकेक भिंत चघळत बसलेत? इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत (दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आपल्या दोन मजल्यांच्या जिन्याला रोज नव्याने नावं ठेवतात). चला, एवढी विचारपूस झाली, आता मला राहवत नाही. वन्सं, मला नोकरी लागली! समोरच्या दुकानात! बाईंच्या! घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

आमच्या दुकानाचं आणि बाईंच्या दुकानाचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्याच्या त्या बाजूला बाईंची काच. आत एकच पुतळा, त्याच्या अंगावर एकच कोट, आणि किमतीचं तिकीट इतकं बारीक की ज्याला वाकून वाचावं लागतं त्याने पुढे चालू लागावं. रस्त्याच्या ह्या बाजूला आमची काच. आत पुतळ्यांची दाटी, आणि किमती अशा ठळक की पलीकडच्या बसमधून दिसाव्यात. बाईंच्या पुतळ्याने नवा कोट घातला की आमचे मालक मला छत्री देऊन तिकडच्या फुटपाथवर पिटाळतात. ऊन असो, पाऊस असो, छत्री हवीच, म्हणजे तोंड लपतं. मी कॉलर बघायची, खिसा बघायचा, पट्टा कुठे बसलाय ते बघायचं आणि येऊन सांगायचं. बाईंचा पुतळा जरा कुठे स्थिरावतोय तोवर तोच कोट आमच्याकडे टांगलेला असतो. लांबून कोण ओळखेल? जवळून मी ओळखते. आमच्या कोटाच्या बाहीतलं अस्तर कोपरापाशी संपतं. (मालकांचं म्हणणं, थंडी त्याच्या पुढे जात नाही.) मी मागून चार टाचण्या मारते, खांद्यात कापूस भरते, आणि तोच कोट काचेत असा उभा राहतो की मालकसुद्धा म्हणतात, हा आपलाच का?

तर गेल्या आठवड्यात बाईंचा निरोप आला. समोरची काच सजवणारी जी कोणी असेल तिने येऊन भेटावं. मी आधी घाबरले. म्हटलं, छत्री ओळखली! पण निरोप घेऊन आलेली मुलगी हसून म्हणाली, जागा रिकामी आहे. वन्सं, त्या दुकानात काम करायचं हे माझं किती वर्षांचं वेड आहे ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे? ती काच मी झोपेतसुद्धा सजवलेली आहे.

आता प्रश्न, घालून काय जायचं? माझ्याकडे बरा म्हणावा असा एकच कोट. आमच्याच दुकानातला, म्हणजे बाईंच्या कोटाची नक्कल. तुमच्या बंधुराजांनी मला तो घालून पॅसेजमध्ये चालायला लावलं, एकदा चष्मा लावून पाहिलं, एकदा काढून पाहिलं, आणि निकाल दिला की चष्मा काढला तर काही म्हणजे काही फरक नाही. मग मलाच विचारलं, बाईंना चष्मा आहे का? असल्या माणसाला काय सांगणार! बाईंनी जन्माला घातलेल्या कोटाची नक्कल पांघरून बाईंच्याच पुढ्यात उभं राहायचं, म्हणजे ज्याच्याकडे चोरी केली त्याच्याकडेच पाहुणी म्हणून जाण्यासारखं. बरं, जुना स्वेटर घालावा तर बाई म्हणणार, हिला स्वतःला सजवता येत नाही, ही माझे पुतळे काय सजवणार? शेवटी रडकुंडीला येऊन मी तुमचं घर गाठलं.

आणि मग तुम्ही कपाट उघडलंत. मलमलीच्या कापडातून तुमचा तो शेवाळी कोट काढलात, बाईंच्या दुकानातला, अस्सल, आणि माझ्या हातात ठेवलात. तो क्षण मी विसरणार नाही. तुमच्या अटीही विसरले नाही. बसमध्ये बसायचं नाही (रिकाम्या बसमध्ये मी शेवटपर्यंत उभी होते, ड्रायव्हरने आरशातून दोनदा विचारलं की सीट ओली आहे का), कोट अंगात असताना काही खायचं नाही, प्यायचं तर पाणी, तेही वाकून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाऊजींच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या आधी कोट परत. तुम्हाला त्या दिवशी तोच घालायचाय.

बाई म्हणजे बाईच हो! उंच, बोलणं कमी, आणि बघणं असं की आपलं अस्तर कुठे उसवलंय ते कळावं. मला म्हणाल्या, माझेच कपडे तुमच्या काचेत जास्त खुलून दिसतात, हे मला सहन होत नाही. (वन्सं, हे वाक्य फ्रेम करून लावायचंय.) मग मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक रिकामी काच, तीन पुतळे आणि नव्या मोसमाचे कोट. सजवून दाखवा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कोट पोपटी होते. म्हणजे इतके पोपटी की डोळे मिटले तरी दिसावेत. वर दिव्यांचा उकाडा. तुमच्या कोटाला घाम लागू नये म्हणून मी तो आधी काढला आणि टांगून ठेवला. आता आमच्या दुकानात खुंट्या नाहीत. आम्ही सगळे आपापले कोट बिनडोक्याच्या पुतळ्यावर टाकतो, ती आमची पूर्वापार खुंटी. तीच सवय! एका पुतळ्याच्या खांद्यावर तुमचा कोट ठेवला, आणि पुतळ्याचा खांदा दिसला की माझे हात गप्प बसत नाहीत. घडी सारखी केली, कॉलर उभी केली, पाठीला टाचण्या मारल्या. मग तोंडात टाचण्या धरून बाकीच्या दोघांना पोपटी करायला घेतलं, तेवढ्यात बाई आत आल्या. त्या पोपटी पुतळ्यांकडे बघेचनात. तुमच्या कोटापाशी थांबल्या. (मघाशी तोच माझ्या अंगावर होता, पण तेव्हा त्यांची नजर माझ्या तोंडावरून हललीच नव्हती.) हात फिरवला. ही छटा कोणी काढली, असं मागे उभ्या असलेल्या मंडळींना विचारलं. बाईंना माहीत नाही असं म्हणायची तिथे कोणाची छाती नाही, त्यामुळे सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, हाच मधोमध हवा, आणि हाच आपल्या दर्शनी काचेत जाणार. माझ्याकडे वळून विचारलं, उद्यापासून याल?

माझ्या तोंडात टाचण्या, वन्सं! मी काय बोलणार? हूं म्हटलं.

तर अशी तुमची भावजय आता बाईंकडे कामाला आहे. जुन्या मालकांनी निरोप देताना डोळे पुसले आणि तेवढ्यात विचारून घेतलं, तिकडे पुढच्या मोसमाला काय आहे? हे सगळं तुमच्यामुळे झालं. उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची घाईही मी करत नाही, कारण तुमच्या ऋणात राहायला मला आवडतं.

भाऊजींना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक द्या.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक बाबतीत),
धाकटी भावजय

ता. क. तुमचा कोट अगदी मजेत आहे. स्वच्छ, कोरडा, दिवसरात्र दिव्याखाली, आणि येणारे-जाणारे थांबून त्याचं कौतुक करतात. फक्त तो काचेत आहे, आणि मोसम संपेपर्यंत मधल्या पुतळ्याला हात लावायचा नाही असा बाईंचा नियम आहे. पहिल्याच दिवशी मी जाऊन सांगू कशी, की हा आमच्या वन्संचा आहे, बरीच वर्षं कपाटात राहून ह्या रंगाला आलाय? त्या छटेचा कारखान्यात शोध चाललाय! म्हणून सोबतच्या पार्सलमध्ये माझा कोट पाठवतेय. समारंभाला तोच घाला. लोक लांबून बघतील. बाहीत हात घालताना कोपरापुढे जरा गार लागेल.

ता. क. दुसरा. पत्र आणि पार्सल काल गेलंच नाही (तुमचे बंधुराज दोन्ही दाराशी विसरून गेले), ते बरंच झालं, कारण आज जे घडलं ते ऐका. मी काचेत पुतळ्यामागे बसून घेर सारखा करत होते, तर दुकानात कोण शिरलं? भाऊजी! मी श्वास धरून पुतळ्यासारखी. त्यांनी तुमच्याच कोटाकडे बोट केलं. मुलींनी पोपटी दाखवले, त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, घरी बायकोचा असाच एक आहे, पण डाग पडेल म्हणून घालत नाही. चांगल्या दिवसासाठी ठेवलाय म्हणते. माझा निरोपाचा दिवस आला तरी तिचा तो दिवस येईल की नाही कोण जाणे. दोन झाले तर एक तरी घालेल. बाईसुद्धा ऐकत होत्या. नियमबियम काही न बोलता त्यांनी स्वतः पुतळ्यावरून कोट उतरवला. भाऊजी तो घेऊन निघाले आहेत, वन्सं. तुमचाच कोट तुम्हाला पुन्हा विकत आणताहेत. मला पुतळ्यामागे हसूही आलं आणि रडूही आलं. जो तुम्ही स्वतः कधी अंगाला लावला नाहीत, तो मला मात्र एका शब्दावर काढून दिलात.

ता. क. शेवटचा. समारंभाच्या सकाळपर्यंत पुडकं लपवून ठेवणार, असं भाऊजी मुलींना सांगत होते; त्यांनी ते उघडलं की आश्चर्याने दोन्ही हात गालांना लावा. घालायच्या आधी पाठीतल्या टाचण्या काढा, गडबडीत मला काढता आल्या नाहीत. समारंभाला तोच घाला, त्यात बसा, जेवा, सांडलं तर सांडू द्या. पण भाऊजींच्या हिशेबी घरात आता दोन कोट आहेत, म्हणून पार्सल पाठवतेच आहे. माझा कोट मलमलीत गुंडाळून कपाटात लावा, कुलूप घाला, आणि कोणी मागितला तरी देऊ नका. तो फार जपायचा आहे.