फुटामागे एक सूत

मी, जयवंत धोंडिराम मेस्त्री, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी भांडुपच्या एका ओतीव लोखंडाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर, आता घरी बसलेला, राहणार तळमजला, मातृश्रम सोसायटी, मुलुंड पूर्व, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदावर माझ्या हाताने लिहून ठेवतो. कुणी फूस लावलेली नाही, कुणाचा दाब नाही. डोकं ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गेली तीन वर्षं इमारतीतल्या निम्म्या लोकांना त्याची शंका आहे. ऑगस्टमध्ये छातीत कळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चिडू नका. मुलुंडमध्ये राहून, या सोसायटीत राहून, चिडू नका! फी घेतली वर.

कलम १. राहती जागा माझ्या पश्चात माझी पत्नी वनमाला हिची एकटीची. तिच्या पश्चात मुलगा मधुकर याची. मधुकर बोरिवलीला राहतो, बँकेत आहे, मुलगा चांगला आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे विकून टाका. "बाबा, जागा विका आणि आमच्याकडे या ना." आमच्याकडे म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावर. वनमाला जिवंत असेपर्यंत तिला या जागेतून कुणी हलवायचं नाही. गोड बोलूनसुद्धा नाही.

कलम २. फंडाचे आणि पोस्टातले पैसे वनमालाचे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ३. कणकवलीकडच्या वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी माझ्या चुलतभावांना सोडतो. खुशीने नाही, कंटाळून. १९८२ च्या शिमग्याला आम्ही दोघं गावी गेलो तेव्हा आत चार खोल्या असून त्यांनी आम्हाला पडवीत अंथरूण घालून दिलं. उशाशी त्यांच्या गाईची पाडी बांधलेली. चार दिवस तसे काढून परतताना वनमाला म्हणाली, "पुढच्या वेळी गावाला नको. कुठेतरी समुद्रावर जाऊया, आपली चूल, आपलं अंथरूण." मी निघता निघता चुलतभावाला अंगणातून ओरडून सांगितलं होतं, पुढच्या खेपेला माझं घर मी बरोबर घेऊन येईन! बोलून बसलो. एकदा बोललो की केल्याशिवाय चैन पडत नाही, हा आमच्या घराण्याचा रोग आहे.

कलम ४. आता गाडी. सोसायटीच्या मागच्या बाजूला विटांवर उभं असलेलं, ताडपत्रीने झाकलेलं जे लाकडी खोकं आहे, त्याला बघ्यांनी कोंबड्यांचं खुराडं, रसवंतीचं दुकान आणि एका बाईने तर देव्हारा म्हटलेलं आहे. ती चाकांवरची झोपायची खोली आहे. कारखान्यात एका साहेबाच्या टेबलावर परदेशी मासिक असायचं, त्यात मी तसलं चित्र पाहिलं होतं. जीपच्या मागे जोडायचं आणि जायचं. आत दोघांना पुरेल एवढा बिछाना, डोक्याशी कपाट, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि मागचं झाकण वर उचललं की स्टोव्ह ठेवायला फळी, मिठामसाल्याचे कप्पे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. सांगाडा सागवानी, वर प्लाय. एक खिळा दिसत नाही. सगळे सांधे कापून बसवलेले आहेत. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, मी हे केलं. घरभर भुसा झाला, फोडणीत भुसा गेला, तरी वनमाला एका शब्दाने बोलली नाही. फळ्यांची उंची मात्र तिने स्वतः हात वर करून ठरवून दिली होती.

खालचा लोखंडी सांगाडा, चाकं, आस, हे सगळं तिच्या धाकट्या भावाने, सहदेवने केलं. घाटकोपरला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ओढायची जीपही त्याचीच, लष्कराच्या लिलावातली. ठरलं असं होतं की दिवाळीनंतर आम्ही चौघं, म्हणजे तो आणि त्याची बायकोसुद्धा, देवगडकडे जायचं.

गाडी तिथवर गेली नाही. कुठेच गेली नाही. का ते कलम ७ मध्ये लिहिलं आहे. त्याआधी दोन किरकोळ कामं उरकतो.

कलम ५. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. चंद्रप्रकाश यांनी या गाडीसंबंधी मला लिहिलेली अकरा पत्रं माझ्या कपाटात आहेत. ती त्यांना सन्मानपूर्वक परत करावीत. पहिल्या पत्रात ते गाडीला अनधिकृत बांधकाम म्हणतात. मी दाखवलं की चाकं बसणार आहेत. मग दुसऱ्या पत्रात ते अनधिकृत वाहन झालं. मी म्हटलं, इंजिन कुठंय? तिसऱ्या पत्रात अडगळ. अहो, एक काहीतरी ठरवा! गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच घरच्या कुरडया तिच्या छपरावर वाळत होत्या, तेव्हा अडगळ नव्हती. माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये.

कलम ६. हत्यारं. रंधे, पटाशा, करवती, गिरमिटं ज्या कुणाला हातात धरता येतील त्याला द्यावीत. मधुकरला नको, तो रंध्याने नारळ फोडील. विकू नयेत. फक्त एक पट्टी, पितळी टोकांची, तिच्याबद्दल पुढे वाचावं.

कलम ७. हे कलम माझ्या मृत्यूनंतर, दिवसकार्य झाल्यावर, वनमाला आणि सहदेव यांना समोरासमोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावं. त्याआधी नाही.

१९८३ सालच्या दसऱ्याला गाडी जोडायची होती. सहदेव सांगाडा टेंपोत घालून घेऊन आला, बरोबर त्याची दोन माणसं, काशीराम आणि भीमराज. सगळी सोसायटी जमली होती. वनमालाने नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं आणलं. आठ जणांनी मिळून खोली उचलली आणि सांगाड्यावर ठेवली. बसेना. सांगाड्याला चारही बाजूंनी लोखंडाची उभी कड होती आणि माझा तळ त्या कडेवर चढून राहिला होता. लांबीत जवळजवळ इंच जास्त, रुंदीत चारपाच सूत.

वर गॅलरीतून कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. मी सहदेवला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. म्हणालो, तुला टेप धरता येत नाही, तू ग्रिलं जोडत बस, तुझ्या हाताला माप नाही! त्याच्या दोन माणसांसमोर बोललो, त्याच्या बायकोसमोर बोललो. त्याने टेप काढून सांगाडा मोजून दाखवला. आठ फूट, पाच फूट. मी म्हटलं, तुझा टेपच चोर आहे, आणि हा मनुष्य माझ्या दारात परत नको. खोली उतरवून त्याने सांगाडा परत टेंपोत घातला आणि गेला. तो नारळ तसाच राहिला, पुढे वनमालाने चटणीला घेतला.

आठ दिवसांनी मी खिडकीच्या काचा कापून आणल्या. त्या ढिल्या निघाल्या. मी काचवाल्याशी भांडायला गेलो. त्याने न चिडता माझी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि आपल्या पट्टीशेजारी ठेवली. माझी पट्टी लांब होती.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून ज्यावरून साचा काढतात तो लाकडाचा नमुना आम्ही मुळात थोडा मोठा करतो. दर वेळी हिशेब नको म्हणून आमची पट्टीच वाढीव आखलेली असते. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिच्यावरचा एक फूट जगाच्या एका फुटापेक्षा सूतभर मोठा. चौतीस वर्षं ही पट्टी माझ्या खिशात होती. निवृत्त झालो तेव्हा तीच घेऊन घरी आलो आणि तिनेच गाडी मोजली. आठ फुटांना आठ सूत, म्हणजे इंच. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी बजावायचो, ही पट्टी घरी न्यायची नाही रे! आणि मी स्वतः, गाढवाने, तेच केलं.

सहदेवचं माप बरोबर होतं. चूक माझी होती. हे मला तीन वर्षं माहीत आहे.

मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू असं करता करता दिवाळी आली. भाऊबिजेला वनमालाने पाट मांडला, रांगोळी काढली. मी म्हटलं, तो आला तर मी बाहेर जाईन, आणि तू तिकडे जायचं नाहीस. तिने पाट उचलून भिंतीला लावला. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. सख्खा भाऊ घाटकोपरला असताना हिने गॅलरीत उभं राहून चंद्राला ओवाळलं. त्या वर्षी, पुढच्या वर्षी आणि गेल्या वर्षीही. मी आत खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. वाचत कसला, धरून बसलो होतो. लाज वाटत होती. पण पहिल्या आठवड्यात तोंड उघडलं नाही, की मग ते तीन वर्षं उघडत नाही, हा माझा अनुभव आहे.

तरी ती पट्टी आणि संपूर्ण गाडी मी सहदेवला देतो. त्याने मला माफ करावं. काचवाल्यालाही कुणीतरी जाऊन सॉरी म्हणावं. मी तेव्हा नुसता उठून निघून आलो होतो.

येथे मृत्युपत्र संपलं असं मी समजत होतो.

पुरवणी. वरचे कागद पाकिटात घालून मी हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवले होते. त्या पेटीला वनमाला कधी हात लावत नाही. या दिवाळीच्या साफसफाईत लावला. मी आकाशकंदिलाचा कागद घेऊन बाजारातून आलो तर ही पेटीशेजारी जमिनीवर बसलेली, चष्मा लावून, शेवटचं पान हातात.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तिने हळू आवाजात विचारलं, "हे मी कधी ऐकायचं होतं?"

मी म्हटलं, "मी गेल्यावर."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मला माझा भाऊ परत मिळणार."

"हो."

"आणि मग त्याला ओवाळायचं कुणी? आपल्यात नवरा गेलेल्या बाईच्या हातात तबक देतात का हो?"

आयुष्य मापं घेण्यात गेलं, चार पानं कायदेशीर भाषेत लिहिली, दिवसकार्यापर्यंत सगळं ठरवलं, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्याकडची ही रीत वाईट आहे, मोडली पाहिजे, सगळं खरं. पण ती मोडायचं काम मी हिच्या एकटीच्या अंगावर टाकून मरणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरला गेलो. वर्कशॉपच्या दारात सहदेवला सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. तो पट्टी उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "भावोजी, माका एकट्याक सांगून काय उपयोग? त्या दिवशी माझ्या माणसांसमोर बोललात मा? मग आता त्यांच्यासमोरच बोला."

त्याचं बरोबर होतं. ग्राइंडर बंद केला. काशीराम आणि भीमराज पुढे येऊन उभे राहिले आणि मी, पन्नास माणसांना काम शिकवलेला मनुष्य, म्हटलं की माप माझं चुकलं होतं, सहदेवचं नव्हे. काशीराम म्हणाला, "ते आम्हाला ठाऊकच होतं की." भीमराजने चहा सांगितला. सहदेव "बरं" म्हणाला आणि परत कामाला लागला. माझ्याशी एवढंच बोलला. गळ्यात बिळ्यात पडणं झालं नाही.

तरी वरील मजकुरात बदल करतो. कलम ७ मधला कबुलीजबाब मी जिवंतपणीच पोचता केला आहे, तो मेल्यावर वाचू नये. ऐकणाऱ्यांना कंटाळा येईल. गाडी सहदेवला नको आहे. शिवाय वरच्या मजल्यावरच्या मार्तंडरावांनी सांगितलं की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं, आणि मला सही त्याचीच हवी आहे. म्हणून गाडी आणि पट्टी दोन्ही वनमालाची. इंचभर लाकूड मी तासायला तयार आहे. सहदेव म्हणतो लाकडाला हात लावायचा नाही, तो सांगाडा वाढवणार. मी म्हटलं, चूक माझी तर तासणार मी. तो म्हणाला, चांगला सांधा बिघडवाल. आज सकाळी तो घरी आल्याआल्या यावरून परत आवाज चढले. वनमाला म्हणाली, जेवण होईपर्यंत दोघांनी गप्प बसायचं. सध्या आम्ही गप्प बसलो आहोत.

या कागदापूर्वीचं माझं कुठलंही मृत्युपत्र नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे आणि मी त्यांना पाहिलं आहे.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई.
दिनांक: ४ नोव्हेंबर १९८६, भाऊबीज.

सही: जयवंत धोंडिराम मेस्त्री

साक्षीदार १: मार्तंड काशिनाथ परब, निवृत्त कोर्ट कारकून, दुसरा मजला, मातृश्रम सोसायटी.

साक्षीदार २: सहदेव राजाराम पांचाळ, घाटकोपर, मृत्युपत्र करणाऱ्याच्या पत्नीचे बंधू.

टीप: दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीवर जो लाल ठसा उमटला आहे तो कुंकवाचा आहे. सही करण्यापूर्वी त्याने कपाळावर हात फिरवला. ही खाडाखोड समजू नये.