टोपलीतले तीन मासे

सांगली, ४ जुलै १९४६
नदीतल्या मासळीच्या माद्यांची शेवटची टोपली आली. हरिपूरचा तातोबा भोई स्वतः घेऊन आला, ओलाचिंब. मेंदूखालच्या ग्रंथी काढून बाटलीत ठेवल्या. मोहरीएवढ्या. तळ्यातल्यांच्या आधीच झाल्यात. पोटात अंडी असूनही तळ्यातली मादी ती घालत नाही, नदीतली घालते. तिच्या ग्रंथीत हॉर्मोनच कमी असेल?

१९ जुलै
एकेका ग्रंथीचा अर्क एकेका बेडकीला टोचला. ती किती अंडी सोडते त्यावरून हॉर्मोन ठरवायचं. इथं दुसरा मार्ग नाही. हातांचा वास जात नाही. आई जेवताना लांब बसवते.

२३ जुलै
सरासरी: नदी वर, तळं खाली. पण फरक खरा की योगायोगाचा, ते सांगणारा 'टी' कमी भरतो. नदीतले तीन आकडे फारच खाली, तिन्ही शेवटच्या टोपलीतले. पुढच्या आठवड्यात सरांना, आमच्या विभागप्रमुखांना, पुण्याला यावर निबंध वाचायचाय. माझी कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची जागा कायम होणं त्यावरच.

२५ जुलै
तातोबाला त्या टोपलीबद्दल सहज विचारलं. खाली बघत म्हणाला, "खरं सांगू का बाई? नदी लय चढली हुती. जाळं टाकाय मिळंना. शेवटच्या टोपलीत तीन मासं तळ्यातलं घातलं."
"तेव्हाच का नाही सांगितलंत?"
"तुमी वाट बघत बसला असाल. रिकामं कसं यावं?"
कोणते तीन, ते आता त्यालाही सांगता येईना. रागावताच आलं नाही.

२६ जुलै
ऐकून सर उठून उभेच राहिले. "मग ते खालचे तीनच! काढून टाका."
"खालचे म्हणून तळ्यातले, आणि तळ्यातले म्हणून खालचे?"
"तुमच्याच भल्याचं सांगतोय."
तसं मांडून पाहिलं. टी सुरेख भरतो. बहुधा सरांचं बरोबरही असेल. पण बहुधा.

२७ जुलै
ती टोपली सगळीच वगळली. उरले थोडे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, खोटंही ठरत नाही. दोन्ही कागद, तीन वगळलेला आणि टोपली वगळलेला, सरांना दिले. म्हणाले, "निबंधावर तुमचंही नाव घालतोय."
"कोणता कागद वाचणार?"
सरांनी दोन्ही कागद घडी करून बॅगेत टाकले.

२९ जुलै
सर सकाळच्या गाडीनं गेले. मी हरिपूरला. पाणी उतरलंय. तातोबाच्या होडीत बसून जाळं पडताना पाहिलं. दोन माद्या. एकीची अंडी घालून झालेली, ती मोजणीत नको; दुसरीचं पोट भरलेलं. हंगाम किती दिवस उरला, विचारलं तर त्यानं जाळं पुन्हा पाण्यात सोडलं.
नवी वही काढली. नदी: एक.